काळीवरचे घर

गेल्या वर्षापर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीत दोन कॅलेंडरे होती. दाराजवळचे कॅलेंडर पाहण्यासाठी. दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, घरकर्जाचा हप्ता, अशा संसारी नोंदी त्याच्या चौकोनांत दाटीवाटीने बसलेल्या असत. दुसरे कॅलेंडर खिडकीच्या चौकटीला लागून, कुणी शहाणा माणूस कॅलेंडर लावणार नाही इतक्या खाली टांगलेले होते. त्यावर एक धबधबा होता आणि बारमाही मे महिना होता. कारण त्याचे पान कुणी उलटीत नसे. ते पाहण्यासाठी नव्हतेच. मागची भिंत कुणाला दिसू नये, एवढ्याच कामावर त्याची नेमणूक झाली होती.

एरवी या सदरात मी पुस्तकांच्या नाहीतर माणसांच्या गोष्टी सांगतो. दिवाळी अंकात दोन पाने जास्त मिळतात आणि वाचकांच्या घरची रंगसफेदीही नुकतीच आटोपलेली असते. म्हणून यंदा भिंतीची गोष्ट सांगतो.

आमचे घर पिंपळगाव बसवंतला, गावाच्या कडेला आहे. पूर्वी तिथे द्राक्षाचा मळा होता. मळ्याचे प्लॉट पडले, बिनशेतीचा हुकूम निघाला आणि २०१३ मध्ये कर्ज काढून आम्ही तिथे तीन खोल्यांचे घर बांधले. २०१६ च्या एप्रिलात एके दिवशी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जमिनीकडे तिरपी उतरलेली एक रेघ मला दिसली. प्रथम वाटले, मुलीने पेन्सिल ओढली असेल. बोट फिरवले तर रेघ आत होती. भिंतीला भेग पडली होती.

भाड्याच्या घरात राहत असतो तर मी त्याच दिवशी मालकाच्या दारात उभा राहिलो असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नाशिकला भाड्याने राहत होतो, तेव्हा हे काम मी आवडीने करीत असे. भाडेकरूची दुरुस्ती ही तक्रार असते. मालक झाल्यावर तीच दुरुस्ती देणे होते, आणि देणे म्हटले की माणूस पुढची तारीख शोधू लागतो. मुंबईत हा खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. १९४७ च्या कायद्याने तिथली भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे मालक म्हणाले. घर आमचे नव्हे, असे भाडेकरू म्हणाले. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींसाठी एक दुरुस्ती मंडळच स्थापावे लागले आणि त्याच्या खर्चासाठी त्या इमारतींवर उपकर बसला. पिंपळगावात आमच्या घराचे दुरुस्ती मंडळ म्हणजे मी आणि सौ.; उपकर अर्थात माझ्या पगारावर.

मंडळाच्या पहिल्या बैठकीत मिस्त्रीला बोलवावे असे ठरले. पण एप्रिल हा आमच्याकडे द्राक्षाच्या खरड छाटणीचा महिना. मिस्त्री होते, पण त्यांच्या हाताखालचे बिगारी छाटणीवर गेलेले. छाटणी उरकून माणसे परत आली तेव्हा वळीव पडून गेला होता. मिस्त्रींनी भेग पाहिली, अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, "काळजीच करू नका सर. वरवरची हाय. गिलावा सुकताना असं होतंच." त्यांनी सिमेंट भरले, वरून हात फिरवला. पुढे पावसाळाभर भिंत गुळगुळीत होती. मी दोन-तीन पाहुण्यांना मुद्दाम दाखवलीही.

पुढच्या एप्रिलात रेघ परत आली. आता ती जुन्या सिमेंटच्या कडेने, थोडी जाड होऊन आली होती. या खेपेला दुसरे मिस्त्री आले. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हे काम कुणी केलं?" सर्व कारागिरांचे मंगलाचरण या एकाच वाक्याने होते, हे मला तोवर अनुभवाने कळले होते. प्लंबर हे वाक्य नळाकडे पाहून म्हणतो, सुतार चौकटीकडे पाहून, आणि खरे सांगायचे तर कॉलेजात नवे वर्ष सुरू झाले की आम्ही प्राध्यापकही मुलांचे शुद्धलेखन पाहून हेच म्हणतो. दुसऱ्या मिस्त्रींनी पहिल्यांचे सिमेंट उकरून आपले भरले. तिसऱ्या वर्षी दुकानदाराने बंदुकीसारख्या नळीतून भरायचे एक औषध दिले. ते मी स्वतः भरले, वर पुट्टी लावली आणि स्वतःच रंग दिला. रंग जुन्या रंगाशी जुळला नाही. भेग लपली, पण भेगेच्या आकाराचा एक पांढरा पट्टा उजळून दिसू लागला. चौथ्या वर्षी, २०१९ मध्ये, मी कॅलेंडर आणले. सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त होता.

पण पाहुण्यांपासून लपवण्यासाठी मी ते आणले नव्हते. ते आईपासून लपवण्यासाठी होते.

आमचे जुने घर गावठाणात, पाराशरी नदीच्या बाजूला होते. तीन खणांचे, सागाच्या खांबांचे, वर मातीचे धाबे. वडील गेल्यावर ते विकले, तेव्हा कुठे नव्या घराचे पैसे उभे राहिले. व्यवहार ठरला त्या रात्री आई एवढेच म्हणाली, "काळीवर घर बांधतोस?" त्यापुढे ती काही बोलली नाही. नव्या घरात ती आली, देव मांडले, तुळस लावली, आणि जुन्या घराच्या रस्त्याने मात्र पुन्हा कधी गेली नाही. मंदिरात जायचे तर दूरचा फेरा घेऊन जाई.

काळी आणि पांढरी या शब्दांवर मी दर वर्षी वर्गात बोलतो. काळी म्हणजे गावाची पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे गाव जिथे वसते ती जागा. जुन्या कागदपत्रांत हे शब्द जोडीने येतात. मुले लिहून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पिकासाठी एक माती राखली आणि राहण्यासाठी दुसरी निवडली, याला काही कारण असेल, हे मात्र माझ्या मनात कधी आले नव्हते. आईचे बोलणे मी गाव सोडण्याचे दुःख समजलो. ते होतेच. पण त्यात माहितीही होती. मी शब्दाचा अर्थ सांगत राहिलो आणि आईने तोच शब्द वापरला तेव्हा मला तो ऐकू आला नाही.

अशा आईला, तिचे घर विकून बांधलेल्या घराची भिंत तडकली आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे? कॅलेंडर लावले. सौ. म्हणाली, "अहो, आईंना दिसणार नाही असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "त्यांना जवळचं कमी दिसतं." यावर सौ. काही बोलली नाही. संसारात न बोललेली वाक्ये ज्याला ऐकू येतात तो सुखी होतो. मी त्या काळात सुखी नव्हतो.

भेग आपल्या गतीने चालली होती. तिने सोबतीही जमवले. देवघराचे दार उन्हाळ्यात लागेनासे झाले. सगळ्यांची दारे पावसाळ्यात लाकूड फुगून अडकतात. आमचे दार वैशाखात अडके आणि श्रावणात सुरळीत लागे. हे उलटे का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी रंधा मारून दाराची कड कमी केली. आता पावसाळ्यात दाराला बोटभर फट राहू लागली.

गेल्या वर्षी वैशाखातल्या एका रात्री धप्प असा आवाज झाला. खिडकीच्या वरच्या अंगाचा, तळहाताएवढा गिलाव्याचा पोपडा मुलीच्या टेबलावर पडला होता. मुलगी तिथे बारावीचा अभ्यास करीत बसते. त्या वेळी ती पाणी प्यायला उठली होती. वह्यांवर वाळू आणि चुरा पसरला होता आणि टेबलावरचा दिवा अजून जळत होता. मी कितीतरी वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिलो. जे झाकून ठेवले होते ते फक्त दिसण्याचे राहिले होते, वाढण्याचे नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. मराठीत तो काठावर पास होई. पुढे इमारतींचा इंजिनिअर झाला. रविवारी तो आला. मी भेगेची सगळी कर्मकथा सांगू लागलो, तर त्याने मध्येच विचारले, "सर, ही उघडते केव्हा?"

"उघडते म्हणजे? ती आहेच की."

"भेगा दोन जातींच्या असतात. एक पडून थांबते. दुसरी उघडझाप करते. कोणत्या महिन्यात किती रुंद असते, हे लिहून ठेवलंय का कुठं?"

मी गप्प. परीक्षेत मी विचारलेल्या प्रश्नावर तो असाच उभा राहत असे. इतक्यात आतून आई म्हणाली, "अरे, ते कॅलेंडर काढ."

मी कॅलेंडर काढले. भेगेच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने बारीक, सुबक अक्षरांत नोंदी होत्या. एकीखाली एक, पाच वर्षांच्या. "अ. तृ. — रुपया आत." "ना. पौ. — कार्ड जात नाही." "दसरा — कार्ड." "पाडवा — आठ आणे." भेग जिथे संपत असे तिथे दर वर्षी एक आडवी रेघ, आणि पुढे साल.

आईने दर सणाला कॅलेंडर उचलून भेग तपासली होती. अक्षय्य तृतीयेला रुपयाचे नाणे कडेने आत जाई. नारळी पौर्णिमेला तिच्या जपून ठेवलेल्या जुन्या पत्रांतले पोस्टकार्डही शिरत नसे. इंजिनिअर भिंतीपाशी उकिडवा बसून वाचत राहिला. मग म्हणाला, "आजी, आम्ही हेच काम करायला काचेची पट्टी चिकटवतो आणि महिनोन्‌महिने वाट पाहतो. तुम्ही पाच वर्षांचं आयतं दिलंत."

त्याने घराभोवती फेरी मारली आणि बाथरूमच्या कोपऱ्याशी थांबून तिथली जमीन खणायला सांगितली. दोन फुटांवर सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा सुटलेला सापडला. बाकी अंगण मे महिन्याच्या उन्हाने फाटले होते. तेवढ्या कोपऱ्यातली माती लोण्यासारखी मऊ होती.

मग त्याने मला जे समजावले ते, मला समजले तेवढे, वाचकांसाठी लिहितो. आपल्या दख्खनचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून काळी माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पितात आणि फुगतात. पाणी गेले की आकसतात. शेतकऱ्याला हा गुण मोलाचा, कारण ती ओल धरून ठेवते. घराला हाच गुण जड जातो. पावसाळ्यात जमीन घराला वर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. सगळीकडून सारखे उचलले आणि सारखे सोडले तर घर निभावून नेते. आमच्याकडे उन्हाळ्यात तीन कोपरे कोरडे होऊन खाली बसत आणि चौथा, फुटक्या पाइपाचे पाणी पीत, वरच राही. घर असे वाकडे झाले की भिंत तिच्या सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्याला, तिरपी फाटते. चौकट तिरकी होते आणि दार लागत नाही. पाऊस आला की सगळेच कोपरे पाणी पिऊन वर येतात. भेग मिटते आणि दार लागते. दर एप्रिल-मेमध्ये उघड्या भेगेत आम्ही सिमेंट ठासत होतो. पावसात मिटू पाहणाऱ्या भेगेच्या तोंडात ते पाचरीसारखे बसत होते.

"मग काळीवर घर बांधूच नये की काय?" मी विचारले.

"बांधावं की. पण पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर खाली बुंध्याशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खास काळ्या मातीसाठी ते काम केलंय. तुमचा पाया तीन फुटांवर आहे, सर. मुरूम आठ फुटांवर लागतोय."

बिनशेतीचा हुकूम निघाला तेव्हा जमीन कागदावर शेती राहिली नव्हती. मातीला कुणी कळवले नव्हते.

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसलो. "सांगितलं का नाहीस?" असे विचारले.

"तू लपवत होतास ना. म्हटलं, लपवू दे. मी बोलले असते तर तुला वाटलं असतं, ही आता 'मी सांगितलं होतं' म्हणणार."

"आपलं जुनं घरच बरं होतं," मी म्हणालो. खरे तर तिला बरे वाटावे म्हणून म्हणालो.

"काही बरं नव्हतं," आई म्हणाली. "गळायचं ते. दर मृगाआधी तुझे वडील धाब्यावर टोपल्या-टोपल्या माती टाकायचे. गळती थांबायची. पण वर किती माती साठली, कुणी पाहिलं? किल्लारीचं झालं त्या साली त्यांनी पाहिलं."

मला एकदम आठवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेत गेली. तिथली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्या माळवदांची होती. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते आणि हादऱ्यात ते सारे ओझे खालच्या माणसांवर आले. त्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी आमचे धाबे उकरले होते. मी पंधरा वर्षांचा होतो. तीन दिवस टोपल्या खाली वाहून माझे खांदे भरून आले होते आणि मित्र फटाके उडवीत असताना मला हे काम लावले म्हणून मी वडिलांवर रुसलो होतो. दीड हात माती निघाली. आजोबांनी टाकलेली, पणजोबांनी टाकलेली. आधी खाली उतरवून, मग फक्त वीतभर नवी माती पसरली. कशासाठी, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. आमच्या घरात न सांगण्याची परंपरा जुनी आहे.

म्हणजे पांढरीवरचे घर शहाणे आणि काळीवरचे वेडे, असे काही नाही. दोन्हीकडे आम्ही एकच करीत होतो: गळते तिथे वरून माती आणि फाटते तिथे वरून सिमेंट. ओल कुठून येते, भेग कुठे सुरू होते, हे विचारायला थांबावे लागते. आणि थांबायला आपल्याला भीती वाटते, कारण उत्तर खर्चाचे असते. अचानक उद्भवलेली दुरुस्ती असे आपण म्हणतो. आमच्या घराने आठ वर्षे दर उन्हाळ्यात नोटीस दिली होती. अचानक काय ते माझे पाहणे होते.

दुरुस्तीला फार अक्कल लागली नाही, क्रम लागला. प्रथम पाइप बदलला आणि सांडपाणी घरापासून दूर नेले. मग घराभोवती हातभर खोल काळी माती काढून मुरूम भरला, धुम्मसने ठोकला आणि वर बाहेरच्या बाजूला उताराचा चार फुटी कोबा केला, म्हणजे पावसाचे पाणी पायाशी मुरणार नाही आणि उन्हाळ्यात पायाजवळची ओल झपाट्याने उडणार नाही. भिंतीला मात्र इंजिनिअरने हात लावू दिला नाही. "एक पावसाळा जाऊ द्या. घर स्थिरावलं की मग." दसऱ्यानंतर भेगेतले जुने सिमेंट काढले, भेगेला आडव्या खाचा पाडून सळया बसवल्या आणि जाळी मारून गिलावा केला. एकूण खर्च ७२ हजार. सोफ्यासाठी सौ.ने साठवलेली ठेव त्यात गेली. तिने फक्त एवढे म्हटले, की २०१६ मध्ये पाइप सापडला असता तर एवढ्यात सोफाही आला असता. हे वाक्य तिने बोलून दाखवले, हे मी सुधारणेचे लक्षण समजतो.

कोपऱ्याखालचा पाया अजून तीनच फुटांवर आहे. घर कायमचे बरे झाले, असे इंजिनिअर म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. लक्ष ठेवा, असे तो म्हणतो.

रंगाऱ्याने भिंतीवर हात मारायला घेतला तेव्हा आईने पेन्सिलीच्या नोंदींची तेवढी जागा सोडायला लावली. तो चौकोन आमच्या बैठकीत विचित्र दिसतो. पाहुणे विचारतात. आता मी सांगतो. सांगता सांगता एक गोष्ट लक्षात आली: ऐकणाऱ्या दहांपैकी सहा-सात जण थोडे गप्प होतात आणि मग म्हणतात, "आमच्याकडेही एक आहे."

लवकरच नव्या वर्षाची कॅलेंडरे घरोघर येतील. जुने काढल्यावर आणि नवे अडकवण्यापूर्वी घटकाभर मागची भिंत दिसते. वाचकहो, तेवढ्या वेळात तिच्यावर बोट फिरवून पाहा. आणि घरात कुणी वडीलधारे असेल तर त्यांनाही विचारा. त्यांनी बहुधा आधीच पाहिलेले असते.

यंदा अक्षय्य तृतीयेला आई रुपया घेऊन भिंतीपाशी बसली. रुपया गेला नाही. आठ आणे गेले नाहीत. पोस्टकार्ड सगळीकडून लावून पाहिले. मग तिने पेन्सिल मागितली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिले, "अ. तृ. — काही नाही." त्याच दुपारी ती देवळात गेली. जाताना गावठाणातल्या जवळच्या रस्त्याने गेली.